धातू व अधातू : गुणधर्मांची तुलना आणि रसशाळेतील व्यवहार

रसशाळेत वैद्याच्या हाताखालून जाणाऱ्या द्रव्यांचे वर्तन एकसारखे नसते. ताम्राचा पत्रा घणाखाली पसरतो, गंधकाचा खडा त्याच घणाखाली भुगा होतो. वंग मंदाग्नीवर वितळते, लोह रात्रभर पुटात राहूनही वितळत नाही. पारद धातू असूनही पाण्यासारखा वाहतो. या भेदांच्या मुळाशी आधुनिक रसायनशास्त्राने केलेला धातू व अधातू हा विभाग आहे. हा विषय शालेय पाठ्यपुस्तकातील म्हणून आपण मागे टाकून देतो. परंतु शोधनात कोणता विधी योजावा, भस्माची कोणती परीक्षा कितपत विश्वसनीय मानावी आणि कोणता कच्चा माल दारातूनच परत करावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत. वर्धा-यवतमाळ मार्गावरील देवळी व तिच्या परिसरातील वैद्य आणि औषधी निर्माते-विक्रेते यांच्या नित्य व्यवहाराच्या दृष्टीने येथे या विषयाचा विचार केला आहे.

ग्रंथोक्त वर्गीकरण

‘धातू’ हा शब्द आपल्या शास्त्रात प्रथम रसरक्तादी शरीरधातूंसाठी येतो. खनिज द्रव्यांचा विचार करताना चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सुवर्ण, लोहवर्ग, वाळू, चुना, मनःशिला, हरताल, रत्ने, लवण, गैरिक व अंजन यांना पार्थिव द्रव्ये म्हणून एकाच मालिकेत बसविले. पुढे रसशास्त्राचा विस्तार झाल्यावर रसरत्नसमुच्चयकारांनी ही द्रव्ये महारस, उपरस, साधारण रस, लोह, रत्न अशा वर्गांत विभागली. लोहवर्गात सुवर्ण, रजत, ताम्र व लोह ही शुद्ध लोहे. नाग व वंग ही पूतिलोहे. पित्तळ, कांस्य व वर्तलोह ही मिश्रलोहे. उपरसांत गंधक हा अग्रणी.

या वर्गीकरणाचा पाया पारदकर्मातील उपयुक्तता हा होता, घटकांची मूलद्रव्यता हा नव्हे. मूलद्रव्यांची धातू व अधातू अशी मांडणी फ्रेंच रसायनज्ञ लव्हाझिए याने १७८९ मध्ये केली आणि १८६९ मध्ये मेंडेलीव्हच्या आवर्त सारणीने तिला शिस्त आणली. आज ज्ञात असलेल्या ११८ मूलद्रव्यांपैकी बहुसंख्य धातू आहेत. अधातू वीसच्या आसपासच. म्हणून गंधक सोडला तर शुद्ध अधातू आपल्या रसशाळेत क्वचितच दिसतो. उपरस, साधारण रस या वर्गांतील बहुतेक द्रव्ये ही धातू व अधातू यांची संयुगे आहेत. हिंगुळ म्हणजे पारद व गंधक, माक्षिक म्हणजे लोह, ताम्र व गंधक, कासीस म्हणजे लोह, गंधक व प्राणवायू. दोन्ही शास्त्रांच्या चौकटी वेगळ्या आहेत. एकीचे शब्द दुसरीवर चिकटविण्यापेक्षा दोन्हींचा उपयोग ज्याच्या त्याच्या जागी करणे श्रेयस्कर.

द्रवणांक आणि शोधनविधी

सामान्यतः धातू चकाकणारे, वर्धनीय, तन्य, जड व उष्णता-विजेचे सुवाहक असतात. अधातू निस्तेज, ठिसूळ, हलके व मंदवाहक असतात. यांपैकी रसशाळेला सर्वाधिक उपयोगी पडणारा गुण म्हणजे द्रवणांक. पुढील आकडे अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

पारद : उणे ३९
गंधक : ११५
वंग : २३२
नाग : ३२७
यशद : ४२०
रजत : ९६२
सुवर्ण : १०६४
ताम्र : १०८५
लोह : १५३८

ही यादी पाहिली की सामान्य शोधनाचे दोन प्रकार का झाले हे आपोआप कळते. सुवर्ण, रजत, ताम्र, लोह यांची पातळ पत्रे तापवून तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुलत्थक्वाथ यांत निर्वाप करायचा. कारण ही पत्रे लाल होतात, पण वितळत नाहीत. वंग, नाग व यशद यांचे मात्र त्याच द्रवांत ढालन करायचे. कारण ती पळीतच पातळ होतात. प्राचीनांजवळ तापमापक नव्हता, परंतु यादीतील ही दरी त्यांनी अचूक हेरली होती. याच तीन धातूंना मारणापूर्वी जारण सांगितले आहे, त्याचेही कारण हेच. वितळणाऱ्या धातूची चक्रिका करता येत नाही. त्याचे आधी अपामार्गादी चूर्णासह घोटून चूर्ण करावे लागते.

ढालनात पिठरयंत्राचे सच्छिद्र झाकण कधीही गाळू नये. वितळलेले शिसे कांजीत पडताच पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन तप्त धातू उसळतो. त्यातून डोळ्याला होणारी इजा कायमची असू शकते. यशद अति तापल्यास त्याचा धूर निघतो आणि तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. नागाचा धूर व धूळ याहून घातक. कारण शिसे शरीरात साठत जाते. ही कामे उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून आणि नाकातोंडाला योग्य आवरण लावूनच करावीत.

गंधक : अधातूंचा प्रतिनिधी

गंधक विजेचा दुर्वाहक, पाण्यात अविद्राव्य व ठिसूळ आहे. घृतात वितळवून वस्त्रातून दुधात गाळणे हा त्याचा सर्वपरिचित शोधनविधी. येथे अनेक कारागिरांची एक तक्रार असते की काही वेळा गंधक वस्त्रातून उतरतच नाही. त्याचे कारण गंधकाच्या एका विलक्षण गुणात आहे. धातू जितका तापवावा तितका तो अधिक पातळ होतो. गंधक ११५ अंशांना पातळ, पिवळा द्रव होतो; परंतु सुमारे १६० अंशांच्या पुढे त्याचे अणू लांब साखळ्यांत गुंफले जाऊन तो तांबूस-काळसर व काकवीसारखा दाट होतो. असा गंधक गाळता येत नाही. आच आणखी वाढविल्यास सुमारे २३० अंशांच्या आसपास तो पेट घेतो. ग्रंथांतील मंदाग्नीचा आग्रह किती शास्त्रशुद्ध आहे हे यावरून दिसते. दाट झालेला गंधक फेकून देण्याचे कारण नाही. अग्नी कमी केल्यास तो पुन्हा पातळ होतो.

खरेदीच्या वेळी चिमूटभर गंधक लोखंडी पळीत जाळून पाहावा. शुद्ध गंधक निळ्या ज्योतीने जळतो व मागे जवळजवळ काहीच उरत नाही. माती वा खडू मिसळला असल्यास राख राहते. जळताना निघणारा वायू गुदमरविणारा असतो, म्हणून ही परीक्षा दुकानात नव्हे तर अंगणात करावी. हा वायू ओल्या निळ्या लिटमस कागदाला लाल करतो, कारण अधातूंची ऑक्साइडे आम्लधर्मी असतात. याउलट धातूंची ऑक्साइडे सामान्यतः अल्कधर्मी. ताजे शंखभस्म पाण्यात कालवून हळदीच्या कागदावर टाकले की कागद लाल होतो. हळद व चुन्यापासून कुंकू करणाऱ्या आपल्या घरांना ही परीक्षा नवी नाही.

धातू व अधातू यांचा संयोग : कज्जली

पारद व गंधक यांचे मर्दन केले असता चकाकता द्रव आणि पिवळे चूर्ण दोन्ही लोपून काजळासारखे कृष्णवर्ण द्रव्य निर्माण होते. येथे केवळ मिश्रण न होता नवे संयुग बनते. पारदाच्या २०० भागांना गंधकाचे सुमारे ३२ भाग पुरतात. म्हणजे समगुण कज्जलीत गंधक गरजेच्या सहापटीहून अधिक असतो. हा जादा गंधक मुक्त पारद शिल्लक राहू नये याची तरतूद आहे. परंतु मर्दन अपुरे राहिले तर गंधक कितीही असला तरी पारदकण उरतात. निश्चंद्रत्व उन्हात, बोटावर पाण्याने घासूनच पाहावे. ओली कज्जली स्वच्छ ताम्रपत्रावर चोळल्यास पांढरी झाक उमटली, तर मर्दन आणखी करावे.

हीच संयुगप्रवृत्ती अपघातात उपयोगी पडते. जमिनीवर सांडलेल्या पारदाचे दिसणारे थेंब गोळा करून फटींत गंधकचूर्ण भुरभुरावे. झाडूने झाडल्यास थेंब फुटून वाफ वाढते. पारदाची वाफ तापमानाच्या दर दहा अंशांच्या वाढीला जवळपास दुप्पट होते. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत बंद खोलीत पारद घोटणे म्हणजे वाफेच्या कोंडीत बसणे होय. कज्जली, पर्पटी व हिंगुळोत्थ पारदाची कामे हिवाळ्यात उरकण्याचा नियम विदर्भातील रसशाळांनी अवश्य पाळावा.

सीमेवरील द्रव्ये

काही मूलद्रव्ये दोन्ही वर्गांच्या उंबरठ्यावर असतात. सोमल वा गौरीपाषाण, हरताल व मनःशिला यांचा मूळ घटक आर्सेनिक हा असाच धातुसदृश आहे. त्याला चकाकी धातूची, पण ठिसूळपणा अधातूचा. टंकणातील बोरॉनही याच पंक्तीतला. कार्बन अधातू खरा, परंतु त्याचे ग्रॅफाइट हे रूप वीज वाहते आणि हिरा हे रूप काठिण्यात सर्व धातूंना मागे टाकते. एकाच गुणावरून द्रव्य ओळखू नये, हा यातला धडा.

हा धडा न पाळल्याचे ठळक उदाहरण अंजनात दिसते. स्रोतोंजन म्हणजे अँटिमनीचे गंधकी खनिज असे मानले जाते. बाजारात मात्र सुरमा म्हणून शिशाचे गंधकी खनिज सर्रास मिळते. दोन्ही करडी, चकचकीत व जड. अंजन मेणबत्तीच्या ज्योतीत वितळते आणि त्याचे स्फटिक सुईसारखे लांबट असतात. शिशाचे खनिज फुटताना चौकोनी, ठोकळ्यासारखे तुकडे होतात आणि ते हाताला फारच जड लागते. त्याची घनता साडेसात, अंजनाची साडेचारच्या जवळ. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत जाणाऱ्या काजळात शिसे जाऊ नये यासाठी दुकानदाराने एवढी दोन मिनिटांची परीक्षा करणे हे त्याचे कर्तव्य आहे.

लोह, भंगार व मंडूर : देवळीचा विशेष प्रश्न

विदर्भाचे लोहाशी नाते प्राचीन आहे. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात बृहदश्मयुगीन लोहभट्टीचे अवशेष सापडले आहेत. आज देवळीच्या औद्योगिक वसाहतीत आणि वर्ध्यानजीक भूगाव येथे पोलादाचे कारखाने आहेत. लोखंडाचा चुरा, कातरणी व मळी हाताशी आणि स्वस्त मिळत असल्याने ती लोहभस्मासाठी व मंडूरासाठी वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो मोह का टाळावा, हे धातू-अधातूंच्या गुणधर्मांवरूनच समजते.

लोहाचा स्वभाव त्यात मिसळलेल्या अल्पशा अधातूने बदलतो. कार्बन दोन टक्क्यांहून अधिक असल्यास ते बिडाचे ठिसूळ लोखंड होते. कमी असल्यास लवचीक पोलाद. फॉस्फरस वाढल्यास लोखंड थंडीत फुटते, गंधक वाढल्यास तापवून ठोकताना चिरते. मुंड, तीक्ष्ण व कांत हे ग्रंथोक्त भेद आणि त्यांच्या ठोकून, मोडून पाहण्याच्या परीक्षा या वर्तनावरच उभारल्या आहेत. आधुनिक पोलादात याखेरीज मँगनीज व अन्य धातू हेतुपूर्वक घातलेले असतात. न गंजणाऱ्या पोलादात तर क्रोमिअम दहा टक्क्यांहून अधिक असते व बहुधा निकेलही असते. पुटाने कार्बन व गंधक जळून जातील. क्रोमिअम व निकेल जाणार नाहीत, ते भस्मातच राहतील. अधातू अग्नीत वायुरूपाने निघून जाऊ शकतो, धातू ऑक्साइड होऊन मागे राहतो, हा भेद येथे निर्णायक ठरतो. हाच न्याय जुन्या बॅटरीतील शिशाला लागू आहे. त्यात अँटिमनी व आर्सेनिक मिसळलेले असू शकते.

मंडूर शंभर वर्षांचे उत्तम, ऐंशीचे मध्यम व साठचे कनिष्ठ मानले आहे. भट्टीतून काल निघालेली मळी म्हणजे मंडूर नव्हे. तिच्यात लोहाबरोबर चुना, वाळू व मँगनीज यांची संयुगे असतात. ज्या लोहाचे पृथक्करण-प्रमाणपत्र नाही, ते औषधासाठी घेऊ नये. मग ते फुकट मिळत असले तरी.

लोहकल्प देतानाही एक स्थानिक दक्षता हवी. विदर्भात सिकलसेल विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. पांडुत्व दिसले की नवायस वा मंडूर असा सरळ हिशेब येथे चालत नाही. जादा लोह बाहेर टाकण्याचा मार्ग शरीरात नाही आणि वारंवार रक्त दिलेल्या सिकलसेल रुग्णात ते आधीच साठलेले असते. रक्ततपासणीशिवाय अशा रुग्णास लोह देऊ नये.

भस्मपरीक्षांचा पुनर्विचार

निश्चंद्रत्व ही धातूची चकाकी गेल्याची खूण. रेखापूर्णता व वारितरत्व या सूक्ष्मतेच्या खुणा. लोहाचे ऑक्साइड पाण्याच्या पाचपट जड असूनही तरंगते ते सूक्ष्म कण पाण्याच्या पृष्ठताणावर तोलले जातात म्हणून. पण गंधकाचे साधे चूर्णही पाण्याने भिजत नसल्याने तरंगते. तेव्हा वारितरत्वावरून भस्म ‘मेले’ असे ठरविता येत नाही.

अपुनर्भव परीक्षा अधिक कसदार आहे. मित्रपंचकातील गूळ, गुंजा, तूप व मध यांतून अग्नीत कार्बन मिळतो आणि टंकण द्रावकाचे काम करतो. म्हणजे अधातू कार्बन भस्मातील प्राणवायू खेचून धातू पुन्हा जिवंत करतो का, हे आपण पाहतो. ताम्र व नागाची ऑक्साइडे थोड्या आचेवर धातुरूप घेतात, म्हणून तेथे परीक्षेला अर्थ आहे. यशदाचे ऑक्साइड मात्र हजार अंशांच्या जवळ गेल्याशिवाय बधत नाही. तेथे मंद आचेवर मिळालेला ‘उत्तीर्ण’ निकाल फसवा. यशदभस्म तापविल्यावर पिवळे व थंड होताच पुन्हा पांढरे होते, ही त्याची सोपी ओळख. ताम्रभस्माची दह्यातील परीक्षा मात्र चुकवू नये. हिरवट-निळी झाक दिसल्यास अम्लात विरघळणारे ताम्र शिल्लक आहे असे समजून पुन्हा पुट द्यावे.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मारणाने द्रव्याचे रूप, सूक्ष्मता व विद्राव्यता बदलते. मूलद्रव्य बदलत नाही. नागभस्मात शिसे असतेच, रससिंदूरात वजनाने सुमारे ८६ टक्के पारद असतोच. म्हणून मात्रा, काल, अनुपान व पात्रता यांना एवढे महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही ज्ञात मात्रा निर्धोक नाही. गर्भिणी, बालक व वृक्करोगी यांच्या बाबतीत वैद्याने आपला हात आवरलाच पाहिजे.

कायदा, लेबल आणि विश्वास

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळले. या पाहणीवर आपल्याकडे पुष्कळ रोष व्यक्त झाला. त्यातून निष्पन्न मात्र चांगलेच झाले. केवळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जडधातूंची चाचणी अनिवार्य झाली. मर्यादा दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारद १ व कॅडमिअम ०.३ भाग अशी आहे. वनस्पती-कल्पात धातू येतो तो बहुधा खतमातीतून, दळण्याच्या यंत्रातून किंवा एकाच खलात आधी रसौषधी घोटल्याने. रसकल्प व काष्ठौषधी यांचे खल, चाळण्या व खोल्या वेगळ्या ठेवल्यास यातला मोठा भाग टळतो.

अनुसूची ‘ई-एक’मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. औषधी दुकानदाराने असे कल्प चिठ्ठीशिवाय हातात ठेवू नयेत. वैद्यानेही नाव न लिहिलेली पुडी देण्याची रीत सोडावी. रुग्ण उद्या सावंगी वा सेवाग्रामच्या रुग्णालयात दाखल झाला, तर तेथील डॉक्टरांना पुडीत काय होते हे कळले पाहिजे.

साठवणुकीचेही नियम गुणधर्मांवरूनच ठरतात. आसव, अरिष्ट, कांजी, तक्र ही अम्ल द्रव्ये ताम्र-पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत. कल्हई उडाली असल्यास तर नाहीच. त्रिफळाक्वाथ लोखंडी कढईत काळा पडतो. लोह अभिप्रेत असेल तेव्हाच तसे करावे. रजत व गंधक शेजारी ठेवल्यास रजत काळवंडते. कासीस हवेत पिवळसर-तपकिरी होते, नवसागर पावसाळ्यात ओलावतो. दोन्हींना घट्ट बुचाची काचेची बरणी हवी.

देवळीपासून जवळच सालोड (हिरापूर) येथे महात्मा गांधी आयुर्वेद महाविद्यालय व त्याची रसशाळा आहे. परिसरातील लहान निर्मात्यांनी आपल्या शंका व नमुने घेऊन अशा संस्थांशी संपर्क वाढवावा. चुंबक, वजनकाटा, लिटमस कागद व तापमापक एवढे साहित्य कोणत्याही रसशाळेला परवडण्याजोगे आहे. ग्रंथ आपल्याला काय करावे ते सांगतात आणि द्रव्यांचे गुणधर्म ते का करावे हे सांगतात. दोन्ही जाणणाऱ्याच्या हातची पुडीच रुग्णाने निःशंक मनाने घ्यावी. अलमिति विस्तरेण.